अकाली प्रौढत्व

अकाली प्रौढत्व म्हणजे एखाद्या सजीवाने आपल्या जातीच्या नेहमीच्या वेळेआधी, वाढ पूर्ण होण्यापूर्वीच, प्रौढाचे रूप, प्रजननक्षमता किंवा प्रौढाची कामे धारण करणे होय. कीटकशास्त्रात ही संज्ञा प्रामुख्याने अकाली रूपांतरणासाठी, म्हणजे अळी किंवा पिल्लू एक वा अधिक अवस्था गाळून कोश किंवा प्रौढ बनण्यासाठी वापरली जाते. मानवी वैद्यकात अकाली यौवनारंभ ही स्वतंत्र व्याधी मानली जाते. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांत मुलांवर वयाआधी पडणाऱ्या प्रौढ जबाबदाऱ्यांचा विचार याच विषयाच्या अंगाने केला जातो.

कीटक आणि मानव यांच्या शरीररचनेत व संप्रेरकांत मोठा फरक आहे. तरीही दोहोंच्या अभ्यासातून एक समान निष्कर्ष पुढे आला आहे. बाल्य ही प्रौढत्वाची वाट पाहणारी निष्क्रिय अवस्था नसून शरीराने सक्रियपणे राखलेली अवस्था आहे. तिला राखणारा अवरोध लवकर दूर झाला, तर प्रौढ रूप येते. मात्र वाढीचा काळ संपतो आणि राहिलेली वाढ बहुधा भरून निघत नाही.

संज्ञा आणि व्याप्ती

विकासाच्या घटनांची वेळ किंवा गती बदलण्याच्या प्रक्रियेला जीवशास्त्रात विषमकालिकता म्हणतात. स्टीफन जे गूल्ड यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात या विषयाची विस्तृत मांडणी केली. काही प्राण्यांत शरीर बाल्यरूपात राहून केवळ प्रजननक्षमता येते. काही गॉलमाश्यांच्या अळ्या अळीरूपातच संतती निर्माण करतात, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अशी उदाहरणे त्या जातीच्या उत्क्रांत जीवनक्रमाचा भाग असतात. प्रस्तुत लेखातील अकाली प्रौढत्व मात्र जातीच्या नेहमीच्या क्रमापासून झालेले विचलन आहे.

कीटकांतील अकाली प्रौढत्व

रूपांतरणाचे नियंत्रण

कीटकांचे बाह्यकवच ताणले जात नसल्याने वाढीसाठी त्यांना ठराविक टप्प्यांवर कात टाकावी लागते. कात टाकण्याची क्रिया एक्डायसोन या संप्रेरकामुळे सुरू होते. अडोल्फ बुटेनांट आणि पेटर कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलोग्रॅम कोशांपासून या संप्रेरकाचे अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले.

कात टाकल्यावर पुन्हा अळीच निघणार की कोश वा प्रौढ, हे दुसऱ्या संप्रेरकावर अवलंबून असते. मेंदूच्या मागे असलेल्या कॉर्पोरा अ‍ॅलाटा या ग्रंथींच्या सूक्ष्म जोडीतून ते स्रवते. 'जुव्हेनाइल हॉर्मोन' या नावाने ओळखले जाणारे हे बाल्यसंप्रेरक रक्तात असताना कात टाकली, तर कीटक बाल्यरूपातच राहतो. शेवटच्या बाल्यावस्थेत त्याचे प्रमाण घसरते आणि मग रूपांतरण घडते. म्हणजे प्रौढत्व आणण्यासाठी वेगळे 'प्रौढसंप्रेरक' लागत नाही; बाल्यसंप्रेरकाचा अभाव पुरेसा ठरतो.

बहुतेक पंखधारी कीटक प्रौढ झाल्यावर पुन्हा कात टाकत नाहीत. त्यामुळे रूपांतरणाच्या वेळी जो आकार असेल तोच आयुष्यभर राहतो. फुलपाखराचे लहान पिल्लू मोठे होत नाही. लहान दिसणारे फुलपाखरू हे बहुधा अळीपणी कमी वाढलेले प्रौढ असते.

प्रारंभीचे प्रयोग

या यंत्रणेचा उलगडा ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांच्या १९३० च्या दशकातील प्रयोगांतून झाला. त्यांनी दक्षिण अमेरिकेतील ऱ्होडनियस प्रोलिक्सस हा रक्तशोषक ढेकूणवर्गीय कीटक निवडला. या कीटकाच्या पाच बाल्यावस्था असतात आणि प्रत्येक अवस्थेत एकदा पोटभर रक्त प्याल्यावर तो कात टाकतो. त्यामुळे प्रयोगाची वेळ अचूक ठरवता येते. विगल्सवर्थ यांनी डोके काढलेले पहिल्या अवस्थेतील पिल्लू कात टाकण्याच्या बेतात असलेल्या पाचव्या अवस्थेतील पिल्लाला जोडले आणि दोघांचे रक्त एकमेकांत मिसळू दिले. त्या चिमुकल्या पिल्लाने कात टाकली तेव्हा त्याच्यात प्रौढाची लक्षणे उमटली होती. मधल्या अवस्था पूर्णपणे गळल्या होत्या.

उलट दिशेचा प्रयोगही यशस्वी झाला. पाचव्या अवस्थेतील पिल्लात लहान पिल्लाच्या कॉर्पोरा अ‍ॅलाटाचे रोपण केल्यावर ते प्रौढ न होता सहाव्या अवस्थेतील मोठे पिल्लू बनले. फ्रेंच संशोधक बुन्यॉल यांनी १९३८ मध्ये रेशीमकिड्याच्या अळ्यांतून या ग्रंथी काढून टाकल्या. त्या अळ्यांनी वेळेआधीच कोश केले आणि त्यांतून खुजे पतंग निघाले.

कॅरोल विल्यम्स यांनी १९५६ मध्ये सेक्रोपिया पतंगाच्या नराच्या उदरातून बाल्यसंप्रेरकाचा क्रियाशील अर्क मिळवला. त्याची रासायनिक रचना १९६७ मध्ये निश्चित झाली.

वनस्पतींतील द्रव्ये

कीटकांच्या या यंत्रणेत ढवळाढवळ करणारी द्रव्ये वनस्पतींतही आढळतात. १९६० च्या दशकात कारेल स्लामा प्रागहून हार्वर्ड विद्यापीठात आले, तेव्हा त्यांच्यासोबतचे पिऱ्होकोरिस जातीचे ढेकूणवर्गीय कीटक तेथे प्रौढ होईनात. पिल्ले जादा बाल्यावस्थांत शिरून मरून जात. शोध घेतल्यावर पात्रांत अंथरलेला कागदी टॉवेल याचे कारण ठरला. अमेरिकी कागद ज्या लाकडापासून बनत असे, त्या बाल्सम फर वृक्षात बाल्यसंप्रेरकासारखे कार्य करणारे द्रव्य होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदावर हा परिणाम दिसे, लंडनच्या टाइम्सच्या कागदावर दिसत नसे. १९६६ मध्ये या द्रव्याची ओळख पटली आणि त्याला जुवाबायोन हे नाव मिळाले.

याच्या नेमके उलट कार्य करणारी द्रव्ये विल्यम बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अ‍ॅजेरॅटम या शोभेच्या फुलझाडातून वेगळी केली. त्यांना प्रिकोसीन असे नाव देण्यात आले. प्रिकोसीनच्या संपर्कात आलेली काही ढेकूणवर्गीय कीटकांची पिल्ले बाल्यावस्था गाळून लहान आकाराचे, वंध्य प्रौढ बनतात. हे द्रव्य कॉर्पोरा अ‍ॅलाटाच्या पेशींमध्ये शिरल्यावर तेथील विकरांमुळे विषारी रूप घेते आणि ती ग्रंथीच नष्ट करते. याच प्रजातीतील घाणेरा ओसाडी हे तण महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर सर्रास उगवते. त्यातही प्रिकोसीन असते.

कीटकनियंत्रणात मात्र अकाली प्रौढत्वापेक्षा बाल्य लांबवण्याचा मार्ग अधिक वापरात आला. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन ही बाल्यसंप्रेरकासारखी कृत्रिम द्रव्ये डासांच्या अळ्यांविरुद्ध वापरली जातात. त्यांच्यामुळे डास कोशातून प्रौढ होऊन बाहेर पडू शकत नाहीत.

जनुकीय आधार

रेशीमकिड्याच्या अळीच्या सामान्यतः पाच अवस्था असतात. 'मॉड' या उत्परिवर्तित वाणात अळ्या तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेनंतरच कोश करतात. बाल्यसंप्रेरक तयार करणाऱ्या एका विकराचे जनुक या वाणात निकामी असल्याचे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. मात्र बाल्यसंप्रेरकाचे कार्य जनुकीय बदलांनी पूर्ण थांबवले, तरी रेशीमकिड्याची अळी अंड्यातून बाहेर पडताच रूपांतरित होत नाही. पहिल्या काही अवस्था ती अळीच राहते. यावरून अवरोध उठण्याबरोबरच रूपांतरणाची पात्रताही शरीरात निर्माण व्हावी लागते, हे स्पष्ट झाले.

पात्रतेचा संबंध वजनाशीही आहे. तंबाखूच्या पानांवर जगणाऱ्या मँड्युका सेक्स्टा या पतंगावर निहाउट आणि विल्यम्स यांनी १९७४ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार शेवटच्या अवस्थेतील अळीने एक निर्णायक वजन गाठले की रूपांतरणाचा क्रम सुरू होतो. त्यानंतर अन्न तोडले, तरी तो क्रम ठरलेल्या वेळीच पुढे जातो.

निसर्गातील उदाहरणे

केलोनस प्रजातीच्या परोपजीवी गांधीलमाश्या पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. अशा अंड्यातून निघालेली पतंगाची अळी एक अवस्था आधीच कोश विणण्याच्या तयारीला लागते. पोसणाऱ्या अळीचे हे अकाली रूपांतरण परोपजीवी अळीच्या सोयीचे असते.

मधमाश्यांत अकाली प्रौढत्व शरीरापेक्षा कामात दिसते. कामकरी माशी पहिले दोन-तीन आठवडे पोळ्याच्या आत स्वच्छता, पिल्लांचे संगोपन अशी कामे करते आणि नंतर मकरंद व पराग आणण्यासाठी बाहेर पडते. बाहेर जाणाऱ्या ज्येष्ठ माश्या पोळ्यातून नाहीशा झाल्या, तर काही तरुण माश्या साधारण आठवड्याभराच्या वयातच हे काम सुरू करतात. जीन रॉबिन्सन यांच्या अभ्यासांतून या बदलाशी बाल्यसंप्रेरकाचा संबंध दिसून आला. येथे त्याचे कार्य उलट आहे: प्रौढ मधमाशीत त्याचे प्रमाण वाढले की ती बाहेरच्या कामाकडे वळते. ज्येष्ठ माश्यांकडून मिळणारे एथिल ओलिएट हे द्रव्य धाकट्या माश्यांचे बाहेर पडणे लांबवते. म्हणजे पोळ्यात ज्येष्ठांचे असणे हाच एक अवरोध आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माश्यांवर सूक्ष्म रेडिओ-खुणा लावून त्यांच्या फेऱ्या मोजण्यात आल्या. वयाआधी बाहेर पडलेल्या माश्या कमी फेऱ्या पूर्ण करत आणि पहिल्या काही उड्डाणांतच त्यांचे मरण्याचे प्रमाण जास्त होते. त्यांची जागा घ्यायला आणखी लहान माश्या बाहेर पडत आणि अखेर पोळे ढासळण्याचा वेग वाढे.

मानवातील अकाली यौवनारंभ

यंत्रणा

मानवात यौवनारंभाची सुरुवात मेंदूतील अधश्चेतक या भागातून होते. तेथून ठराविक अंतराने, ठोक्याठोक्याने स्रवणारे जीएनआरएच हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीला चालना देते आणि तिच्या संप्रेरकांमुळे अंडाशय किंवा वृषणे कार्यान्वित होतात. जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या कामासाठी रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ही यंत्रणा जन्मापासून तयार असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती काही काळ चालूही होते आणि नंतर सुप्त केली जाते. बालपणाची वर्षे या दडपणाखाली जातात. २०१३ मध्ये अकाली यौवनारंभ असलेल्या काही कुटुंबांत एमकेआरएन३ या जनुकातील दोष आढळला. हे जनुक यौवनारंभ रोखून धरणाऱ्या घटकांपैकी एक आहे. त्याची केवळ पित्याकडून आलेली प्रत कार्य करते, म्हणून दोष पित्याकडून आल्यासच परिणाम दिसतो.

व्याख्या, कारणे आणि उपचार

मुलींत ८ वर्षांपूर्वी आणि मुलांत ९ वर्षांपूर्वी यौवनाची लक्षणे दिसू लागणे म्हणजे अकाली यौवनारंभ, अशी व्याख्या प्रचलित आहे. लक्षणांचे मोजमाप जेम्स टॅनर आणि विल्यम मार्शल यांनी वर्णिलेल्या पाच टप्प्यांच्या आधारे केले जाते. मेंदूकडून चालना मिळून होणाऱ्या प्रकाराला केंद्रीय, तर अंडाशय, वृषणे किंवा अधिवृक्क ग्रंथी यांच्यातील दोषांमुळे होणाऱ्या प्रकाराला परिघीय म्हणतात. केंद्रीय प्रकार मुलींत मुलांच्या कितीतरी पट अधिक आढळतो आणि बहुतेक मुलींत त्याचे निश्चित कारण सापडत नाही. मुलांत मात्र मेंदूतील गाठ किंवा अन्य विकार असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्यांची तपासणी अधिक काळजीने केली जाते.

अकाली यौवनारंभ झालेले मूल सुरुवातीला सवंगड्यांपेक्षा उंच दिसते. परंतु एस्ट्रोजेनमुळे हाडांच्या टोकांजवळील वाढपट्ट्या लवकर मिटतात आणि प्रौढपणी उंची कमी राहते. वाढपट्ट्या मिटण्यास पुरुषांतही एस्ट्रोजेनच कारणीभूत असते, हे १९९४ मध्ये वर्णन झालेल्या एका रुग्णावरून स्पष्ट झाले. एस्ट्रोजेनला प्रतिसाद न देणाऱ्या या २८ वर्षांच्या पुरुषाची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि त्याच्या वाढपट्ट्या अजून मिटल्या नव्हत्या.

उपचाराचा पाया अर्न्स्ट नोबिल यांच्या माकडांवरील प्रयोगांत आहे. जीएनआरएच ठोक्याठोक्याने दिल्यास पीयूषिका ग्रंथी प्रतिसाद देते, मात्र ते सतत दिल्यास तिचा प्रतिसाद थंडावतो, असे त्यांना आढळले. या तत्त्वावर १९८१ पासून जीएनआरएचसारखी दीर्घकाळ कार्य करणारी औषधे वापरली जाऊ लागली. त्यांमुळे यौवनाची प्रगती थांबते आणि औषध बंद केल्यावर ती पुन्हा सुरू होते. लहान वयात उपचार सुरू केल्यास उंचीला अधिक लाभ होतो.

यौवनारंभाच्या वयातील घट

व्याधी नसलेल्या मुलांतही यौवनारंभाचे वय काळानुसार बदलत आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्तर युरोपात प्रथम मासिक पाळीचे सरासरी वय १६-१७ वर्षांच्या आसपास होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते सुमारे १३ वर्षांवर आले. याचे मुख्य श्रेय सुधारलेल्या पोषणाला आणि बालपणीचे आजार कमी होण्याला दिले जाते. मार्शिया हर्मन-गिडन्स यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील १७,०७७ मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्तनवाढीच्या प्रारंभाचे सरासरी वय कृष्णवर्णीय मुलींत ८.८७, तर गोऱ्या मुलींत ९.९६ वर्षे आढळले. डेन्मार्कमध्ये हेच वय १९९१ मधील १०.८८ वरून २००६ मध्ये ९.८६ वर्षांवर आले.

रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी १९७० मध्ये यौवनारंभासाठी निर्णायक वजनाची कल्पना मांडली. ती जशीच्या तशी टिकली नाही. मात्र चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिनचा १९९४ मध्ये शोध लागल्यानंतर शरीरातील साठ्याची माहिती मेंदूपर्यंत कशी पोहोचते, हे समजू लागले. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रथम मासिक पाळीचे मध्यक वय ११.६ वर्षे होते आणि अनेकींची प्रौढपणीची उंची कमी राहिली. सुरुवातीच्या कुपोषणानंतर झपाट्याने झालेली वाढ हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. कोविड-१९ च्या टाळेबंदीच्या काळात इटली, तुर्कस्तान आणि पुणे येथील वैद्यकीय केंद्रांनी अकाली यौवनारंभाच्या रुग्णसंख्येत वाढ नोंदवली.

सामाजिक अकाली प्रौढत्व

शरीर आणि मन यांतील अंतर

लैंगिक संप्रेरकांमुळे शरीर प्रौढ दिसू लागले, तरी निर्णय व आत्मनियंत्रण यांच्याशी निगडित अग्रमस्तिष्काचा विकास विशीपर्यंत चालू राहतो. त्यामुळे यौवनारंभ जितका लवकर, तितके शरीर आणि मन यांतील अंतर मोठे राहते. हाकन स्टाटीन आणि डेव्हिड मॅग्नुसन यांनी स्वीडनमधील मुलींचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९० मध्ये निष्कर्ष मांडले. लवकर वयात आलेल्या मुलींत नियमभंगाचे वर्तन अधिक दिसले, पण ते प्रामुख्याने वयाने मोठ्या मित्रमंडळींत वावरणाऱ्या मुलींत. जोखीम केवळ शरीरबदलात नसून इतर लोक त्या शरीराला काय समजतात यात असल्याचे यावरून सूचित होते. २०१७ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी शाखेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार अमेरिकेतील प्रौढ व्यक्ती कृष्णवर्णीय मुलींना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा अधिक प्रौढ आणि कमी निरागस मानतात.

घरात प्रौढ माणूस नसणे, आजारपण किंवा गरिबी यांमुळे मुलाने भावंडांची, आईवडिलांची किंवा मिळकतीची जबाबदारी उचलणे यालाही अकाली प्रौढत्व म्हटले जाते. लिंडा बर्टन यांनी २००७ मध्ये आर्थिकदृष्ट्या वंचित कुटुंबांतील अशा मुलांचे वर्णन केले आहे.

भारतातील कायदा

भारतात शरीराची खूण आणि प्रौढत्व यांच्या संबंधावर एकोणिसाव्या शतकात तीव्र वाद झाला. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार दिल्यावर १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्याविरुद्ध दावा झाला. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, परंतु १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जावे अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगवासाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

कलकत्त्यातील फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहितेच्या मृत्यूनंतर चाललेल्या खटल्यात, मुलगी दहा वर्षांवरील असल्याने बलात्काराचे कलम लागू झाले नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान संस्कार लगेच व्हावा, हा विरोधकांचा एक प्रमुख युक्तिवाद होता. बाळ गंगाधर टिळक यांचा मुख्य आक्षेप परकीय सरकारने धर्माचारात हस्तक्षेप करण्यास होता. बेहरामजी मलबारी, गोपाळ गणेश आगरकर आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सुधारणेची बाजू मांडली. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ ठरवले. १९७८ मध्ये ते १८ आणि २१ झाले. अशा रीतीने प्रौढत्वाची कसोटी शरीरातील बदलाऐवजी वर्षांत मोजलेले वय ही ठरली.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी १८ वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण भारतात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर हे बालविवाहाचे एक कारण मानले जाते. पतिपत्नीची जोडी म्हणजे एक 'कोयता' धरून उचल दिली जाते, त्यामुळे लग्न झालेल्या जोडीला काम मिळणे सोपे जाते. आईवडील फडावर असताना वयात आलेल्या मुलीला गावी एकटे ठेवण्याची भीतीही त्यामागे असते.

साम्य आणि भेद

कीटकांचे बाल्यसंप्रेरक आणि मानवी यौवनाची संप्रेरके यांचा रासायनिक किंवा उत्क्रांतिजन्य संबंध नाही. कीटकात रूपांतरणाने संपूर्ण देहरचना बदलते. मानवात बदल तुलनेने मर्यादित असून अनेक वर्षे चालतो. म्हणून एकावरील प्रयोगांचे निष्कर्ष दुसऱ्याला थेट लागू करता येत नाहीत.

साम्य क्रमाच्या रचनेत आहे. दोन्हीकडे बाल्य एका अवरोधाने टिकते, अवरोध उठण्यापूर्वी शरीराच्या साठ्याचा अंदाज घेतला जातो आणि प्रौढत्वाबरोबर आकाराची वाढ बंद होते. प्रिकोसीनने घडवलेला खुजा कीटक आणि उपचाराविना राहिलेले अकाली यौवनारंभाचे मूल या दोहोंत गमावला जातो तो वाढीचा काळ. भेद असा की, कीटकात रूपांतरण परतवता येत नाही, तर मानवात अवरोध औषधाने काही काळ पुन्हा बसवता येतो. कायदा, शाळा आणि कुटुंब यांच्या आधाराने सामाजिक बाल्यही लांबवता येते. ज्येष्ठांच्या उपस्थितीत धाकट्या मधमाश्या पोळ्यातच थांबतात, ही त्याला सर्वांत जवळची कीटकसृष्टीतील घटना होय.